वरचं बटण

टीव्हीवर मास्तर दिसले आणि खोलीतल्या तिघांनीही आधी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नंतर. शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय मोठंसं? परदेशात गेलेला पुढारी, समोर करारावर सह्या व्हायच्या, कॅमेऱ्यांचा लखलखाट, आजूबाजूला टाय बांधलेली बडी मंडळी. लावलं बटण, बिघडलं काय? पण या खोलीत बाहेरचं कुणी नव्हतं. ही माणसं कितीतरी वर्षं डोंगरात एकत्र राहिलेली, एका पातेल्यातलं खाल्लेली, नुसत्या खोकल्यावरून एकमेकांना ओळखणारी. मास्तरांचा गळा त्यांनी कायम उघडाच पाहिला होता. गावोगावच्या भिंतींवर त्यांची चित्रं रंगवली होती, त्यांतही तो उघडाच असायचा. आणि बंद गळ्याचा अर्थ या मंडळींत एकच होता. पकडल्या गेलेल्या माणसाला शत्रूने जगापुढे बोलायला उभं केलं, तर त्याने वरचं बटण लावायचं. मग तो तोंडाने काय म्हणतो ते ऐकायचं नाही, बरोबर त्याच्या उलट करायचं.

वहिनी खुर्चीतून उठून टीव्हीजवळ गेल्या.

वहिनी म्हणजे सरकारात मास्तरांच्या खालोखाल. ज्याने ही चळवळ उभी केली त्या थोरल्यांची ही बायको, म्हणून सगळ्यांचीच वहिनी. मास्तर देशाबाहेर असले की कारभार त्यांच्याकडे. जुन्या सत्ताधाऱ्यांनी पळताना सचिवालय पेटवून दिलं होतं, त्यामुळे नवं सरकार एका विमा कंपनीच्या इमारतीत भरत असे. लिफ्ट बंद, अर्ध्या खिडक्यांना पुठ्ठे लावलेले, आणि मॅनेजरची फिरती खुर्ची एका बाजूला कललेली. तिच्यावर बसायचं तर एक पाय जमिनीवर घट्ट रोवून ठेवावा लागे. वहिनी म्हणायच्या, राज्य करायला हीच खुर्ची बरी, डोळा लागायची भीती नाही. आज मात्र ती रिकामीच कलली होती.

टीव्हीवर मास्तर खणखणीत आवाजात बोलत होते. नदीपलीकडच्या त्या बलाढ्य राष्ट्राने जुन्या सरकारला पैसा पुरवला होता, क्रांतीनंतरही वर्षभर विमानं पाठवून गावं भाजून काढली होती. त्याच राष्ट्राच्या राजधानीत, त्यांच्याच अध्यक्षाच्या मांडीला मांडी लावून मास्तर सांगत होते की लढाई संपली. सीमा उघडणार, इंधन आणि औषधं येणार. आणि उद्या सकाळी पुलावर कैद्यांची अदलाबदल होणार. त्यांचा पाडलेला वैमानिक आपण सोडायचा, आपली पकडलेली पोरं त्यांनी सोडायची.

त्या पोरांत वहिनींचा लेक होता, एकुलता एक.

ही गोष्ट खोलीतल्या कुणी बोलून दाखवली नाही. पण सुरक्षा सांभाळणाऱ्या खिळ्याने टीव्हीचा आवाज बंद करताना एकदा वहिनींकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली, तेवढ्यात सगळं आलं. खिळा म्हणजे उंच, हडकुळा, ठोकाल तिथे घट्ट बसणारा गडी. त्याची आई पलीकडच्यांच्या बॉम्बखाली गेली होती, कपड्याच्या गिरणीमागच्या गल्लीत. ती गल्ली भाजणारा वैमानिक हाच की दुसरा कुणी, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि खिळ्याला माहीत करून घ्यायचंही नव्हतं. त्याला एक वैमानिक पुरेसा होता.

तो म्हणाला, अदलाबदल रद्द. वैमानिकाला पुलाजवळच्या जुन्या जकातघरातून लगेच हलवायचं, वर डोंगरात न्यायचं, उद्या लोकांसमोर खटला आणि तिथेच फाशी. मास्तरांना त्यांनी धाकात ठेवलंय, हे आंधळ्यालाही दिसेल. खूण म्हणजे खूण.

तिसरे होते डॉक्टर, आता अर्थखातं बघणारे, स्वभावाने सावध, चहा फुंकून फुंकून पिणारे. त्यांनी चाचपडत विचारलं की समारंभ होता, लावायला सांगितलं असेल कुणी. खिळ्याने त्यांना तिथेच गप्प केलं. परवाच्या मेजवानीला नव्हता का समारंभ? काल कारखाना बघायला गेले तेव्हा बर्फ पडत होता, तेव्हाही गळा उघडाच होता. पलीकडच्या वर्तमानपत्रांनी त्यावरून टिंगल केली, की हा पाहुणा कपडे घालायचे अर्धवट सोडून आलाय. आणि नेमकं सहीच्या वेळी बटण लागतं?

म्हणणं बिनतोड होतं. आणि वहिनींना ते सगळ्यांत जास्त पटत होतं, कारण ही खूण थोरल्यांनी शोधलेली होती आणि ती पहिल्यांदा वापरावी लागली तीही थोरल्यांनाच. पकडल्यावर जुन्या सरकारने त्यांना सिनेमाच्या पडद्यावर आणलं होतं. डोळ्याखाली काळंनिळं, ओठ फाटलेला, आणि म्हणत होते, खाली या, शस्त्रं ठेवा, कुणाला काही होणार नाही. गळ्याचं बटण तिरकं लागलं होतं, बोटं धड चालत नसणार. तरी लावलं होतं. ज्यांनी ते बटण पाहिलं ते वाचले. ज्यांना वाटलं की थोरले सांगताहेत म्हणजे खरंच असेल, ते खाली उतरले आणि भिंतीशी उभे करून मारले गेले. थोरल्यांना पुढच्याच आठवड्यात फासावर दिलं. वहिनींकडे नवऱ्याचं शेवटचं म्हणून जे काही होतं, ते एवढंच.

आता तीच खूण समोर होती आणि ती मानायची तर लेकाला हाताने ढकलून द्यायचं होतं. इकडे वैमानिक लटकला की तिकडे पोरं लटकणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी लागत नव्हता.

वहिनी म्हणाल्या, आधी फोन लावू.

खिळा म्हणाला की तिथला प्रत्येक शब्द ते ऐकणार, मास्तर काय सांगणार कपाळ! वहिनी म्हणाल्या, शब्द ऐकू देत त्यांना, मला माणूस ऐकायचाय. बोलल्या खऱ्या, पण आपण का बोललो ते त्यांनाही नीट कळलं नव्हतं. वेळ काढत होत्या बिचाऱ्या, दुसरं काय.

फोन पलीकडच्या खोलीत होता, टेलिफोनवालीच्या टेबलावर. तिने बऱ्याच खटपटीनंतर पाहुण्यांचा बंगला जोडून दिला आणि वहिनींच्या चेहऱ्याकडे बघून न सांगताच बाहेर निघून गेली. वहिनींनी रिसीव्हर कानाला लावला.

"वहिनी!" मास्तरांचा आवाज आला. "बघितलंत ना टीव्हीवर?"

"बघितलं, भाऊजी."

"नीट बघितलंत?"

"नीट बघितलं." वहिनींनी लगेच विचारलं. "तिथे थंडी फार आहे का?"

इतका सरळ प्रश्न त्यांनी विचार करून विचारला होता. थंडी आहे म्हणाले असते तर मिटलंच होतं, बटण थंडीचं ठरलं असतं. ऐकणाऱ्यांना वाटलं असतं घरचं माणूस चौकशी करतंय. पण मास्तर हसले.

"थंडी कसली? या लोकांनी खोल्या अशा तापवून ठेवल्यात, मी खिडकी उघडून बसलोय." आणि मग कचकन काहीतरी चावल्याचा आवाज आला. सफरचंद खात होते. चावत चावतच पुढे म्हणाले की इथे काय, मी सही केली, माझं काम झालं. आता तुमच्यावर सोपवलंय. लोक रागात आहेत, मला कल्पना आहे. लोकांना जे मंजूर नसेल ते मी इथे बसून त्यांच्या गळी कसं उतरवणार? तुम्ही घरची माणसं, तुम्हाला समजतं काय करायचं ते.

फोन ठेवला तरी वहिनी तशाच बसून राहिल्या.

भ्यायलेले मास्तर त्यांना चांगले ठाऊक होते. डोंगरात एकदा सैनिकांची तुकडी त्यांच्या झोपडीच्या अंगणातून गेली होती, तेव्हा हाच माणूस त्यांच्या शेजारी पालथा पडून होता. तुकडी गेल्यावरही कितीतरी वेळ त्याला वाक्य धड बोलता येत नव्हतं, शब्दाशब्दाला आवंढा गिळत होता. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, सगळेच भ्यायचे. पण मानेवर सुरी असलेला माणूस सफरचंद खात नाही. मास्तरांच्या आवाजात भीतीचा टिपूस नव्हता. उलट मजेत होते, पोट भरल्यावर असतात तसे.

आणि लेकाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. गेल्या कित्येक महिन्यांत मास्तरांनी वहिनींशी बोलताना पोराची चौकशी केली नाही असं एकदाही झालं नव्हतं. आज, तो उद्या सुटणार असं जगाला सांगून झाल्यावर, चकार शब्द नाही.

म्हणजे कुणी जबरदस्ती केलेली नव्हती. मास्तरांनी आपल्या मर्जीने सही केली होती आणि आपल्या मर्जीने बटणही लावलं होतं. तिकडे शांततेचा पुढारी म्हणून हार घालून घ्यायचे, आणि इकडे करार मोडायचं पाप खिळ्याच्या आणि लोकांच्या माथी मारायचं. मग परत येऊन हात वर करायचे, की मी शब्द दिला होता हो, माझ्या लोकांनी ऐकलं नाही, आता लढल्याशिवाय गत्यंतर नाही.

वहिनींना क्षणभर स्वतःचाच संशय आला. आईचं काळीज काय वाटेल ते शोधून काढतं. उद्या खिळा विचारेल की वहिनी, सफरचंदावरून तुम्ही ठरवलंत? तर काय सांगायचं? त्यांनी डोळे मिटून परत एकदा तो आवाज आठवला, तो कचकन आवाज, ते हसणं. आणि मग त्यांना राग आला. असा राग त्यांना कित्येक वर्षांत आला नव्हता. ते तिरकं लागलेलं बटण त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. फाटक्या ओठाच्या माणसाने मरता मरता आपल्या लोकांसाठी जे बटण लावलं, तेच या माणसाने तापवलेल्या खोलीत बसून, आरशात बघून, सरळ लावलं होतं. अरे, लाज कशी वाटली नाही!

त्या उठल्या आणि आत गेल्या. खिळा उभाच होता, गाडीची किल्ली मुठीत.

वहिनींनी सांगितलं की काही नाही, सहीच्या आधी फोटो काढणाऱ्यांनी बटण लावायला लावलं, मास्तरांच्या लक्षातच आलं नाही. मी विचारलं तेव्हा स्वतःच मोकळेपणाने हसले, धाकात असलेला माणूस तसा हसत नाही. अदलाबदल ठरल्याप्रमाणे करायची.

"लक्षात आलं नाही?" खिळा म्हणाला. "मास्तरांच्या? बटण?"

"माणूसच आहे ना तो. डोंगर सोडून किती दिवस झाले. तू तरी अजून बूट घालून झोपतोस का?"

"हो," खिळा म्हणाला.

डॉक्टर कपातल्या चहाकडे बघत राहिले. खिळा दोन पावलं पुढे आला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता.

"वहिनी, तुमचा पोरगा तिकडे आहे. माझी आई इकडे जळली. आपण दोघंही आज धड विचार करण्यातले नाही. म्हणून एकच मागतो. मास्तर असं म्हणाले, असं थोरल्यांची शपथ घेऊन सांगा. मी मुकाट्याने जातो आणि त्या माणसाला माझ्या गाडीतून पुलावर सोडतो."

वहिनींनी आयुष्यात नवऱ्याची शपथ कधी घेतली नव्हती, तो असतानाही नाही आणि गेल्यावर तर नाहीच. या मंडळींत थोरल्यांचं नाव घेऊन खोटं बोललेला माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता. खरं सांगायचं मनात आलं. पण खरं काय होतं? मास्तर आपल्याला फसवताहेत, हे खिळ्याला सांगायचं? खिळा मास्तरांसाठी छातीवर गोळी घेऊन झालेला. त्याचा विश्वास बसला नसता, आणि बसला असता तर मास्तर उतरताच विमानतळावर रक्त सांडलं असतं. खिळ्याचा विश्वास मोडायचा की थोरल्यांची शपथ, एवढंच हातात होतं.

"थोरल्यांची शपथ," वहिनी म्हणाल्या.

खिळ्याने त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि जिना उतरून गेला. त्याच्या बुटांचा आवाज पार खालपर्यंत ऐकू येत होता. डॉक्टरांनी आपला चहा वहिनींपुढे सरकवला आणि म्हणाले, घ्या, गार झालाय, पण घ्या. त्यांना किती कळलं होतं कुणास ठाऊक. ते मूग गिळून बसणाऱ्यांतले होते आणि त्या दिवशी वहिनींना ते फार बरं वाटलं.

सकाळी पुलावर धुकं होतं. वैमानिक खिळ्याच्या गाडीतून उतरला. पोरसवदाच होता, दाढी वाढलेली, कुणाचा तरी आखूड स्वेटर घातलेला. चालायला लागला आणि मध्येच थबकला, पाठीत गोळी बसेल म्हणून. खिळ्याने हाताने पुढे हो अशी खूण केली आणि पाठ फिरवून गाडीच्या टपावर हात टेकवून उभा राहिला. त्याला त्या वैमानिकाकडे बघवत नव्हतं. पलीकडून आपली पोरं येताना दिसली. वहिनी एकेक चेहरा बघत होत्या आणि लेक त्यांच्या समोरून पुढे गेला तरी त्यांना ओळखू आला नाही, इतका तो वाळला होता. त्यानेच मागे वळून "आई" म्हटलं.

त्यांचा जीव भांड्यात पडला. रडायचं नाही असं ठरवून आल्या होत्या. ते पार विसरून त्यांनी त्या एवढ्या मोठ्या घोड्याला सगळ्यांसमोर सोन्या, सोन्या करत कुरवाळलं. तो लाजून इकडेतिकडे बघत होता. गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न काय विचारावा त्याने? आई कशी आहेस, नाही. घरी काय चाललंय, नाही.

"मास्तर कधी येताहेत?"

आज दुपारी, वहिनी म्हणाल्या.

मग तो सांगत सुटला. तिथल्या पहारेकऱ्याने टीव्ही दाखवला होता. पहारेकरी म्हणाला, तुमचा पुढारी तुम्हाला मागायला स्वतः आलाय, असा पुढारी आम्हाला नाही. सगळी पोरं रडली म्हणे. आपण तर ठरवून टाकलंय, हे आयुष्य आता मास्तरांचं. वहिनी खिडकीबाहेर बघत हं, हं करत होत्या.

बातमी तोवर देशभर पसरली होती. पहिले टँकर सीमा ओलांडून आले आणि ओळखपाळख नसलेली माणसं रस्त्यावर एकमेकांच्या गळ्यात पडली. गिरणीमागच्या गल्लीत सूड सूड करून घसा कोरडा करणारे होते, पण त्यांचेही पुतणे, भाचे कुठेतरी चौक्यांवर बसलेले होते, आणि ते आता घरी येणार होते. राग ओसरायला एवढं पुरतं. लोकांना काय हवंय हे मास्तर विमानात बसले तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. वहिनींनाही आदल्या दिवशी माहीत नव्हतं.

दुपारी विमानाचं दार उघडलं. मास्तर बाहेर आले, गळा उघडा, चेहरा गंभीर. संतापलेल्या लोकांपुढे काय बोलायचं ते घोकून आलेला तो चेहरा होता. समोर फुलं होती. वहिनी शिडीपाशीच उभ्या होत्या, म्हणून त्यांना ते दिसलं. मास्तरांचे डोळे गर्दीवरून फिरले, सुटून आलेल्या पोरांवर आले, वहिनींवर आले आणि थांबले. फार नाही, पापणी लवते तेवढंच. मग दोन्ही हात वर गेले आणि चेहऱ्यावर असं हसू आलं, जसं काही हे सगळं त्यांनीच घडवून आणलंय. गर्दीने आभाळ डोक्यावर घेतलं.

सभेच्या मैदानाकडे दोघं एकाच गाडीतून गेले. ड्रायव्हर काचेच्या पलीकडे. मास्तर खिडकीतून लोकांना हात हलवत होते आणि हात हलवता हलवताच बोलले.

"बटण दिसलं नाही का, वहिनी?"

"दिसलं."

"फोनवरही सांगितलं."

"कळलं."

"पोरासाठी केलंत."

"हो. पोरासाठीच. तुम्ही कशासाठी केलंत, भाऊजी?"

मास्तर शाळेत कवायत शिकवायचे तेव्हाही चिडत नसत. आताही चिडले नाहीत. शांतपणे, समजावून सांगावं तसं सांगितलं, की लढाई संपली की लोक निवडणूक मागणार, आपण वचन दिलंय. आणि पोट भरलेले लोक आपल्याला मत देतील असं कुणी सांगितलं? ते हिशेबी दुकानदाराला देतील, आपल्याला नाही. अजून दोन-तीन वर्षं शत्रू दारात हवा होता. तुम्ही तो घालवून बसलात.

"ती खूण आमच्या यांची होती," वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच तर सगळ्यांनी मानली असती."

वहिनींना वाटलं, या माणसाच्या तोंडावर थुंकावं. बाहेर लोक काचेला हात लावून धन्य होत होते. त्यांनी स्वतःला आवरलं आणि एवढंच म्हणाल्या की हे खिळ्याला कळलं तर?

मास्तरांनी पहिल्यांदा खिडकीतून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. "त्याला तुम्ही काहीतरी सांगितलं असणारच. नाहीतर तो वैमानिक आज जिवंत नसता. काय सांगितलंत ते मी विचारत नाही. पण खरं सांगायचं, तर आधी ते खोटं होतं हे सांगावं लागेल."

गाडी मैदानात शिरली.

मास्तर बोलायला उभे राहिले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शांततेवर बोलले, आणि छान बोलले. कालपर्यंत ज्याला शत्रू दारात हवा होता त्याच माणसाने शेजाऱ्याशी मैत्रीचं असं चित्र उभं केलं की म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. निवडणूक होणार, असंही त्यांनी सांगून टाकलं. आता दुसरा इलाजच नव्हता, एवढी मोठी गर्दी शांततेसाठी आलेली, तिच्यापुढे तोंड फिरवणार कसं? वहिनींच्या मनात आलं, काही का असेना, आपण जिंकलो. लेक वाचला, तो पोरसवदा वैमानिकही वाचला, निवडणूक होणार.

तेवढ्यात मास्तरांनी सुटून आलेल्या पोरांना मंचावर बोलावलं. एकेकाच्या पाठीवर थाप मारली. वहिनींच्या लेकापाशी आले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला माइकपाशी घेऊन आले.

"हा थोरल्यांचा मुलगा," ते म्हणाले. "याच्या वडिलांनी स्वतः मरता मरता आपल्याला वाचवलं. मी याला परत आणायला गेलो होतो आणि घेऊन आलो. आता याला मी कुठे जाऊ देणार नाही. आजपासून हा माझा अंगरक्षक. मी जिथे, तिथे हा. माझ्या एक पाऊल मागे."

मैदान दणाणून गेलं. पोराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्याने मास्तरांना सलाम ठोकला आणि त्यांच्या पाठीशी जाऊन ताठ उभा राहिला, एक पाऊल मागे. तिथून त्याने आईला शोधलं, आणि बघ मला, अशा आनंदाने तिच्याकडे पाहिलं.

मास्तरांनीही मान वळवून वहिनींकडे पाहिलं. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. वहिनींच्या शेजारी उभा असलेला खिळासुद्धा वाजवत होता, आणि वाजवता वाजवता त्यांच्या खालीच राहिलेल्या हातांकडे बघत होता.

वहिनींनी हात उचलले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.